चौथ्या दिवशी गप्प पडलेला स्टार्टर फेकू नका

"वहिनी, मेला तो."

साताऱ्याहून नणंदेचा फोन. कोण गेलं म्हणून माझ्या पोटात गोळा आला, तर ही स्टार्टरबद्दल बोलत होती, म्हणजे पाव फुगवायला बरणीत पीठ-पाणी कालवून आंबवत ठेवतात त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तोंडापर्यंत फसफसून आला, तिसऱ्या दिवशी खाली बसला आणि चौथ्या दिवशी नुसती खळ. बुडबुडा म्हणून नाही, वर वास असा की बरणी गॅलरीत नेऊन ठेवावी लागली. विचारलं, "मग?" म्हणाली, "मग काय, दिला टाकून." हा तिचा तिसरा होता.

सावरडो पाव, म्हणजे विकतचं यीस्ट न घालता अशा स्टार्टरवर फुगवलेला आंबट पाव, घरी करायचं मनात घेतलेल्यांकडून मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. सांगणारं माणूस बदलतं, दिवस मात्र तोच असतो, तिसरा नाहीतर चौथा. म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवते.

दुसऱ्या दिवशी जो फेस येतो तो यीस्टचा नसतो. पिठात गव्हाच्या दाण्याबरोबर आलेले नाना तऱ्हेचे जिवाणू असतात. पाणी मिळालं की त्यातले घाईघाईने वाढणारे, ल्युकोनोस्टॉकसारखे, आधी उठतात. ते गॅस करतात, घाण वास करतात आणि सोबत आम्लही करतात. ते आम्ल वाढलं की त्यांचं त्यांनाच ते सोसत नाही आणि ते थंडावतात. मागून आंबटपणा सोसणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू पुढे येतात आणि पीठ आणखी आंबट करतात. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) साधारण ४ च्या आसपास उतरला की आपल्याला हवं असलेलं रानटी यीस्ट जोर धरू लागतं. ते पहिल्या दिवसापासून पिठात असतंच, पण मूठभर. त्याची संख्या वाढायला मधले तीन-चार दिवस, थंडीत आठवडाही लागतो. तुम्ही बरणी ओतून देता ती नेमकी या मधल्या दिवसांत.

कुरडया घालणाऱ्या घरात वाढलेल्यांनी खरं तर घाबरायला नको. गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, तिसऱ्या दिवशी पातेल्यावरची ताटली काढली की नाक मुरडतो. तो गहू कुणी फेकत नाही. वाटून चीक काढतो आणि शिजवतो. स्टार्टरच्या बरणीत पहिले तीन दिवस जे चालतं ते याच जातीचं. फरक एवढाच की कुरडईचा चीक आपण शिजवून टाकतो आणि स्टार्टर जिवंत ठेवून पुढे नेतो.

विरजणाशी तुलना मात्र करू नका. सगळे तीच करतात आणि फसतात. विरजण हे तयार दह्याचं असतं, हवे ते जिवाणू त्यात आधीच लाखोंनी असतात, म्हणून दूध एका रात्रीत लागतं. इथे तुम्ही विरजणाशिवाय दही लावायला निघाला आहात.

मग गप्प दिवसांत करायचं काय? जवळजवळ काहीच नाही, आणि तेच लोकांना जमत नाही. बुडबुडे दिसेनात म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा ताजं पीठ घालतात. भुकेला असेल बिचारा! त्याने होतं उलटंच. साठत आलेलं आम्ल पातळ होतं, थोडंफार वाढलेलं यीस्ट निम्म्या-तिम्म्याने कचऱ्यात जातं आणि गाडी पुन्हा पहिल्या दिवसावर. हालचाल नसेल तोवर चोवीस तासांतून एकदाच पीठ-पाणी. एखाद्या दिवशी विसरलात तरी बिघडत नाही. मधून दोन-तीनदा स्वच्छ चमच्याने ढवळा, बस.

माझं माप असं. पहिल्या दिवशी ३० ग्रॅम पीठ, ३० ग्रॅम पाणी. दुसऱ्या दिवसापासून रोज त्यातलं २० ग्रॅम ठेवायचं, बाकी काढायचं, त्यात २० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम पाणी. एवढ्याशाने काय होणार असं वाटतं, पण पाव करायच्या आदल्या रात्री ते हवं तेवढं वाढवता येतं. रोजचं काढून टाकणं जिवावर येतं हे मला कळतं, आमच्या घरातही यावर बोलणी खाल्ली आहेत. पण न काढता त्याच प्रमाणात भरत गेलात तर ६० ग्रॅमचे १८०, मग ५४०, मग १६२०, आणि पाचव्या दिवशी ४८६० ग्रॅम. पावणेपाच किलोच्या वर आंबट खळ घेऊन कुठे जाणार? पहिल्या आठवड्यातलं काढलेलं खाऊ नका, चाखूही नका, त्यात कोण कोण आहे याचा भरवसा नसतो. झाडांच्या खतात टाका. पुढे स्टार्टर वयात आला की मग उरलेल्याची धिरडी करा, थालीपिठात ढकला, फार छान लागतं.

दुर्गंधीचा टप्पा टाळायचा असेल तर एक युक्ती आहे आणि ती खरंच चालते. पहिले दोन दिवस पाण्याऐवजी अननसाचा ताजा, गाळलेला रस घाला. त्याच्या आंबटपणामुळे ते घाईवाले जिवाणू उठतच नाहीत. डब्यातला, टिकाऊपणासाठी औषध घातलेला रस नको, ते औषध यीस्टलाही रोखतं. ताक किंवा दही घालू का, असंही विचारतात. आंबटपणा येईल, पण दुधात रमणारे जिवाणू पिठात फार काळ टिकत नाहीत, आणि यीस्ट शेवटी पिठातूनच यायचं आहे. मी घालत नाही.

आता खरोखर काहीतरी चुकतंय अशा बरण्यांकडे येऊ. निम्म्याहून जास्त वेळा दोष निघतो तो वाटीत.

"एक वाटी पीठ, एक वाटी पाणी." ऐकायला समान, वजनाला नाही. पाऊण पावशेराच्या आसपासच्या वाटीत पाणी जितकं भरतं त्याच्या साधारण निम्म्या वजनाचंच पीठ मावतं. म्हणजे तुमच्या बरणीत पिठाच्या दुप्पट पाणी आहे. अशा पातळ खळीत यीस्ट कितीही काम करो, गॅस वर येऊन उडून जातो, पीठ फुगत नाही. वर पाणी साचतं, खाली गाळ बसतो आणि बघणारा म्हणतो मेला. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. पावाच्या छंदात एवढा एकच खर्च मी आग्रहाने करायला लावते, ओव्हनचंही नंतर बघू. काटा येईपर्यंत एक वाटी पिठाला अर्धी वाटी पाणी धरा. गिरणीच्या आट्याचं समान वजनाचं मिश्रण चांगलं घट्टसर असतं, चमच्यावरून पडायला खळखळ करतं. मैद्याचं जरा सैल, भज्याच्या दाट पिठासारखं.

पिठाबद्दल. गिरणीतून दळून आणलेला गव्हाचा कोंड्यासकट आटा सुरुवातीला सगळ्यात चांगला, कारण यीस्ट आणि त्याला लागणारी खनिजं कोंड्यालगतच असतात. मैद्याने स्टार्टर होतो, पण रडतखडत. मी निम्मा आटा, निम्मा मैदा घेते. नेहमीचा लोकवन गहू पुरेसा आहे. (हा लोकवन म्हणजे मुळात 'लोक-१', गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं वाण. इंग्रजीतल्या 'वन'चं आपण वन करून टाकलं.) पीठ गरम असेल तर गार होऊ द्या. आणि ज्वारी-बाजरीच्या मागोमाग पहिलं दळण तुमचं लागलं असेल तर ते पीठ भाकरीला ठेवा, स्टार्टरला गव्हाच्या पाळीतलं घ्या.

वर्षाचा गहू भरताना बोरिक पावडर चोळायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. बोरिक बुरशीला मारतं आणि यीस्ट हे बुरशीच्याच कुळातलं. स्टार्टरसाठी पावडर न लावलेला किलोभर गहू वेगळा दळून आणा. कडुनिंबाचा पाला घातलेला असेल तर पाला निवडून टाकला की झालं.

खपली हा वेगळाच विषय. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात खपली गहू पिकतो, हुग्गीला आणि खिरीला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि आरोग्याच्या नादाने हल्ली स्टार्टरही त्याचाच करायला घेतात. मग तक्रार येते की बुडबुडे भरपूर आहेत, वास छान आंबटगोड आहे, पण वर येत नाही. तो येणारच नाही. खपलीत ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) असतं, पण त्याची पकड कच्ची, गॅस धरून ठेवायला ताणच नाही. दुप्पट फुगण्याची वाट बघत महिना घालवाल. खपलीचा स्टार्टर पृष्ठभागावरच्या भोकांवरून आणि वासावरून ओळखायचा. पहिलटकरांनी लोकवनावर स्टार्टर उभा करावा आणि मग हवं तर खपलीवर वळवावा. पाण्यात थेंब टाकून तो तरंगतो का पाहायची चाचणीही इथे फसवते. नुसत्या आट्याचा धडधाकट स्टार्टरसुद्धा कित्येकदा बुडतो.

तासगावकडच्या एका ओळखीच्या बाईंनी बेदाणे घालून पाहिले होते. फळांच्या सालीवर यीस्ट असतं हे त्यांनी वाचलेलं, आणि घरात बेदाण्याची काय कमी! पंधरा दिवस झाले तरी बरणी ढिम्म. आपला पिवळा-हिरवट बेदाणा कसा होतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, फक्त इथे जोडून पाहिलं नव्हतं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात आणि रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ही धुरी म्हणजे सल्फर डायऑक्साइड. वाईन करणारे द्राक्षाच्या रसातलं रानटी यीस्ट दाबायला हाच वापरतात. तेव्हा धुरी दिलेले बेदाणे घालणं म्हणजे घरात पाहुणे बोलावून दाराला कुलूप लावणं. शिऱ्यात घाला. स्टार्टरला गव्हाबाहेरचं काहीच लागत नाही.

पाण्याचा बाऊ करू नका. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, पावसाळ्यात येतोच, तर रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा किंवा उकळून गार करा. फिल्टरचं चालतं. स्टीलचा चमचा चालतो. बिनकल्हईचं पितळ-तांबं नको, आंबट आहे शेवटी.

आमच्या सांगलीचा खरा शत्रू उन्हाळा.

स्टार्टरची बहुतेक माहिती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली. तिथे अडचण ऊब कशी मिळवायची ही. इथे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ३८-४० ला, स्वयंपाकघर ३४-३५ ला. यीस्टला २५ ते २८ अंश मानवतात. त्यावर गेलं की आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं फावतं, आणि पस्तिशीच्या पुढे यीस्ट दमतं. अशा दिवसांत तयार स्टार्टरही गेल्यासारखा दिसतो. सकाळी आठला पीठ-पाणी घालून तुम्ही कामावर गेलात. अकराला तो दुप्पट झाला, बाराला खाली बसला, संध्याकाळी सहाला तुम्ही पाहता तर बरणीत पातळ, तार सुटलेली पेज, वर करडं पाणी आणि नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास. फेकायच्या आधी बरणीची काच बघा. वरपर्यंत पिठाचा ओघळलेला पट्टा दिसतोय? मग तो वर येऊन गेलाय, तुम्ही घरी नव्हता इतकंच. म्हणून बरणी उभट, सरळ काचेची घ्या आणि पीठ घातल्यावर पातळीला रबरबँड लावा. करडं पाणी म्हणजे भूक, बुरशी नव्हे. ओतून द्या किंवा ढवळून घ्या.

याला उपाय म्हणजे जेवण वाढवायचं. जुना १० ग्रॅम, पीठ ५० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. जुना कमी आणि अन्न जास्त म्हणजे तो तीन तासांचं काम सहा-सात तास पुरवून खातो. पाणी माठातलं गार घ्या. एवढ्यानेही भागत नसेल तर पाणी कमी करून कणकेसारखा गोळा करा, ५० ग्रॅम आट्याला ३० ग्रॅम पाणी. घट्ट पिठात सगळ्यांचीच चाल मंदावते. आणि बरणी परातीत पाणी घालून उभी करा, भोवती सुती फडकं गुंडाळा, त्याचं टोक पाण्यात सोडा. माठ ज्या न्यायाने गार राहतो त्याच न्यायाने बरणी राहते, शिवाय मुंग्यांना बांध. हा उपाय कोरड्या उन्हाळ्यातच. जुलैत हवाच दमट असते, फडकं वाळतच नाही, मग गारवा कुठला.

हे सगळं तयार स्टार्टरचं सांगितलं. ज्याचा अजून पहिला आठवडा आहे त्याला हे वाढीव जेवण देऊ नका, वर सांगितलेल्या गप्प दिवसांचा घोळ होईल. त्याला नुसती गार जागा द्या. खरं विचाराल तर मे महिन्यात सुरुवातच करू नका. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चचा काळ सर्वांत सोपा, आठ-दहा दिवसांत हाताला लागतो.

साताऱ्यात गणित उलटं. डिसेंबरच्या रात्री पारा बारा-तेरावर येतो आणि स्टार्टर कुडकुडत बसतो. आमच्या नणंदेचा तिसरा गेला तो डिसेंबरातच. दही लागत नाही तेव्हा जे करता तेच करा: तांदळाच्या डब्यात खुपसा, शालीत गुंडाळा, किंवा हॉटकेसमध्ये कोमट पाण्याची वाटी ठेवून शेजारी बरणी. कोमट म्हणजे हाताला जेमतेम लागेल इतकंच. ओव्हन असेल तर आतला दिवा लावून ठेवा, पण कुणी ओव्हन तापवायला जाणार नाही याची चिठ्ठी दारावर चिकटवा. हे अनुभवाचे बोल आहेत, पुढचं विचारू नका. थंडीत दोन-अडीच आठवडे लागले तरी ते नेहमीचंच आहे. फ्रिजमध्ये तर त्या काळात अजिबात नको.

बुरशीच्या बाबतीत मात्र मी दयामाया दाखवत नाही. हिरवी, काळी, केसाळ काहीही दिसली, किंवा गुलाबी-केशरी छटा आली, की सगळं टाकायचं. वरचं काढून खालचं वाचवू वगैरे चालणार नाही, बरणी उकळत्या पाण्याने धुवायची. पावसाळ्यात बुरशी बहुधा पिठात सुरू होत नाही, काचेवर आणि झाकणाला वाळलेल्या शितोड्यांवर सुरू होते. दर एक-दोन दिवसांनी बरणी बदला, कडा पुसा. झाकण सैल ठेवा, घट्ट नको, गॅसला वाट हवी. नुसतं फडकं बांधलं तर चिलटं शिरतात. पांढरी, सुरकुतलेली साय धरली असेल तर ते एक वेगळं यीस्ट आहे, त्रासाचं नाही. तळातलं चमचाभर घेऊन दोन-तीनदा भरपूर पीठ-पाणी द्या, जाते.

तयार झाला हे कसं ओळखायचं? दिवस मोजून नाही. पीठ-पाणी घातल्यापासून चार ते सहा तासांत दुप्पट, आणि असं सलग तीन वेळा. वास ताज्या ताकासारखा किंवा किंचित पिकल्या फळासारखा. एकदाच वर आला म्हणून त्याच संध्याकाळी पाव लावू नका. विटेसारखा होतो आणि मग दोष पिठाला जातो.

काहीजण कंटाळून परदेशातून 'शंभर वर्षं जुना' म्हणून वाळवलेला स्टार्टर मागवतात. चालतो, पण जुनेपणाचे पैसे मोजू नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावात सापडलेल्या एका जिवाणूला १९७१ साली त्या शहराचं नाव दिलं गेलं, आणि मग तोच युरोपातल्या स्टार्टरांतही सापडत गेला. तुमच्या बरणीत शेवटी तुमचं पीठ, तुमची ऊब आणि तुमची वेळ यांना सोसणारेच टिकतात. शेजारणीकडून चमचाभर मागून घेतलात तर त्यात काही कमीपणा नाही.

नणंदेचा चौथा स्टार्टर तांदळाच्या डब्यात राहिला. पाचव्या दिवशी फोन, सहाव्या दिवशी फोन, नवव्या दिवशी फोन नाही. अकराव्या दिवशी फोटो आला: रबरबँडच्या वर तीन बोटं.

तिला सांगितलं तेच इथे सांगते, आता लगेच त्यातला थोडा वाळवून ठेव. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही घर सोडून पाहुण्यांकडे गेलो, आणि दोन वर्षांचा माझा स्टार्टर बंद पडलेल्या फ्रिजमध्ये सडला. तेव्हापासून वर्षातून एकदा मी भरात आलेला स्टार्टर बटर पेपरवर पापडाइतका पातळ पसरते, पंख्याखाली सावलीत एक-दोन दिवस वाळवते. उन्हात नाही. कुरडईसारखा कडकडीत मोडला पाहिजे. मग चुरून कोरड्या बाटलीत भरते, बाटलीवर तारीख. एक बाटली माझ्याकडे, एक साताऱ्यात. परत उठवायचा तर चमचाभर चुऱ्यात दोन चमचे कोमट पाणी, दोन तास भिजू द्यायचं, मग दोन चमचे पीठ, आणि पुढे रोज एकदा नेहमीसारखं. तीन-चार दिवसांत उठतो. त्यातही मधे एक गप्प दिवस येतो, तेव्हा फोन करू नका.